तारण? कुठल्या बँकेत?

वाचकाचं पत्र

मावशी, सलाम.

मी सोलापूरचाच, वय २८. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील पॉवरलूमवर होते, मी दहावीत असताना गेले. अम्मानं विड्या वळून अक्काचं लग्न केलं आणि मला शिकवलं. चार वर्षांपूर्वी मी प्रभूला ओळखलं, दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. अम्मा रडली, पण मला घराबाहेर काढलं नाही.

गेल्या वर्षापासून तिच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं, चार-चार तास. मी अर्धी सुट्टी टाकून सोबत बसतो. आमचे पास्टर म्हणाले, तुझी आई तारणाशिवाय, म्हणजे येशूनं पापातून सोडवल्याशिवाय गेली, तर तिचं रक्त देव तुझ्या हातून मागेल, बायबलातलं यहेज्केलाचं पुस्तक वाच. तेव्हापासून मला झोप नाही. दर खेपेला मी तिला येशूविषयीच्या छापील पत्रिका वाचून दाखवतो. एकदा 'तारण' म्हणालो तर ती हसली. "तारण? कुठल्या बँकेत? तुझ्या फीसाठी माझ्या पाटल्या तारण ठेवल्या होत्या, तसलं का रे?"

दोन महिन्यांपूर्वी ती मशीनवर असतानाच मी तारणाची प्रार्थना, म्हणजे येशूला तारणारा मानते असं सांगणारी, तिला माझ्या मागून म्हणायला लावली. तिनं म्हटली. मी फोटो काढून आमच्या चर्चच्या, म्हणजे फेलोशिपच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, रविवारी सभेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी घरी आलो तर अम्मा मार्कंडेयाच्या फोटोपुढं दिवा लावत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "तुझं मन राखायला म्हटलं रे." अक्कानं तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला, आता ती माझ्याशी बोलत नाही. परवा अम्मानं विचारलं, "मी गेल्यावर अग्नी तू देणार, का तुझ्या पास्टरला विचारणार?" मला उत्तर देता आलं नाही.

अम्माचं तारण झालं होतं आणि गेलं, की झालंच नव्हतं? आणि मी आता गप्प बसलो तर दोषी ठरतो का?

एक विश्वासी, सोलापूर

मावशींचं उत्तर

बाळा, सलाम.

आधी एक काम उरक, मग पुढचं वाच. तो फोटो. दोन महिने होऊन गेलेत, तेव्हा 'सर्वांसाठी हटवा' आता चालणार नाही. ग्रुपवर चार ओळी लिही: आईचा फोटो मी तिला न विचारता टाकला, चूक माझी, ज्यांच्या मोबाइलमध्ये असेल त्यांनी काढून टाकावा, पुढं पाठवू नये. रविवारी जिथं साक्ष दिलीस तिथंच उभा राहून सांग की मी घाई केली. टाळ्या पडणार नाहीत, पण ही पहिलीपेक्षा खरी साक्ष होईल. मग अक्काकडं जा. फोन नको, घरी जा. खुलासे देत बसू नकोस. "फोटो टाकायला नको होता" एवढं म्हण आणि ती जे बोलेल ते ऐकून घे. हाताला सुया लावलेली, चेहरा सुजलेली आपली आई परक्या माणसाच्या मोबाइलवर बघायची वेळ तिच्यावर आली. तिचा राग धर्मावर आहे असं तुला वाटत असेल. मला नाही वाटत.

आता मी कुठून बोलते ते सांगते. मी सत्तरीच्या पुढची, जुन्या मिशनच्या मंडळीत वाढलेली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरहून इकडं आलं, त्यातून जी ख्रिस्ती घरं उभी राहिली त्यांतलं आमचं एक. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आमची मंडळी गेली. आमच्याकडं उपासना वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते, आणि शेजारच्याला सुवार्ता, म्हणजे येशूची बातमी, सांगावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. नाताळला करंज्या पाठवल्या की आमची साक्ष झाली. त्यामुळं तुझ्या तळमळीला हसायचा मला अधिकार नाही. तुमच्या फेलोशिपमधली पोरं भल्या पहाटे उठून प्रार्थनेला जातात हे मी पाहते आणि कधीकधी मला लाज वाटते.

तुम्हाला जे शिकवतात त्याचा गाभा मला ठाऊक आहे. माणूस पापी आहे, स्वतःच्या पुण्याईवर सुटू शकत नाही. येशूनं वधस्तंभावर त्याचा दंड भरला. जो पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला क्षमा मिळते, नवा जन्म मिळतो. आणि ज्याला ही बातमी मिळाली त्यानं ती पुढं सांगायची. डेव्हिड बेबिंग्टन नावाच्या ब्रिटिश इतिहासकारानं १९८९ साली इव्हॅन्जेलिकल, म्हणजे तुमच्यासारख्या सुवार्तेवर भर देणाऱ्या, लोकांच्या चार खुणा सांगितल्या: मन पालटण्यावर भर, पवित्र शास्त्राला प्रमाण मानणं, मध्यभागी वधस्तंभ, आणि धडपड, म्हणजे सुवार्तेसाठी सतत काहीतरी करत राहणं. ही चौथी खूण तुझ्यात जरा जास्तच उतरली आहे.

कारण बघ, तुमच्या शिकवणीतलं सगळ्यात लाडकं वचन कोणतं? इफिसकरांस दुसरा अध्याय, आठवी-नववी ओवी. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान, कर्मानं नव्हे, म्हणजे कुणी बढाई मारू नये. हे तुला तोंडपाठ असणार. मग स्वतःपुरतं ते मानायचं आणि अम्माच्या बाबतीत मात्र तिचं तारण तुझ्या मेहनतीवर, तुझ्या रजेवर, तुझ्या पत्रिकांच्या संख्येवर टांगायचं, हा दुहेरी हिशेब तू कुठून आणलास? तुला झोप येत नाही ती आईच्या काळजीनं, हे मला समजतं. पण त्या काळजीत 'मी कमी पडलो तर' हा जो सूर आहे ना, तो कृपेतला नाही. तो कर्मातला आहे. मागच्या दारानं परत आलेला.

प्रार्थनेचा प्रश्न. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुझ्यासारखी अर्धा डझन पोरं तरी मला हे विचारून गेली आहेत.

'माझ्या मागून म्हणा' ही रीत शास्त्रात कुठंच नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी आठव, प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. भूकंप झाला, दारं उघडली, तो थरथर कापत प्रेषित पौलापुढं आला आणि त्यानं स्वतः विचारलं की माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? पौल म्हणाला, प्रभू येशूवर विश्वास ठेव. मग त्याला आणि त्याच्या घरच्यांना वचन समजावून सांगितलं. आधी त्यानं विचारलं, मग पौलानं सांगितलं. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार लांब उभा राहून छाती बडवत म्हणाला, देवा, मज पाप्यावर दया कर. त्याला कुणी शब्द पुरवले नव्हते. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराचंही तसंच. बाप्तिस्मा नाही, मंडळी नाही, पाठ केलेली प्रार्थना नाही. "माझी आठवण ठेव" एवढं त्याचं त्यानं म्हटलं, आणि त्याच दिवशी सुखलोक.

मागून म्हणवून घ्यायची प्रार्थना अमेरिकेतल्या संजीवन सभांच्या, म्हणजे विश्वास नव्यानं जागवणाऱ्या सभांच्या, परंपरेतून वाढली, विसाव्या शतकात लहान लहान पुस्तिकांमधून जगभर गेली, आणि तिथून आपल्याकडच्या पत्रिकांच्या शेवटच्या पानावर आली. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या मनात पश्चात्ताप दाटलाय पण शब्द सुचत नाहीत त्याला त्या चार ओळींचा आधार होतो. पण मागं इव्हॅन्जेलिकल लोकांमध्येच यावर वाद पेटला होता. २०१२ साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननं, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेनं, यावर ठराव केला. त्यांनी अशा प्रार्थनेची बाजूच घेतली, पण सोबत स्पष्ट म्हटलं की हा नुसता उच्चारला की तारण देणारा मंत्र नव्हे, आणि माणसाला वळवून घ्यायची युक्ती म्हणून तो कधीही वापरू नये. मी हे तुला मुद्दाम त्यांच्याच तोंडचं सांगते, कारण आमच्या जुन्या मंडळीतली कुणी म्हातारी म्हणाली असती तर तू म्हणाला असतास, यांना काय कळतंय तारण.

घरातलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई घे. पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड मागं पडलं की केडगाव लागतं, तिथलं मुक्ती मिशन त्यांचं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. आणि त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणारी ही बाई. तिला बाप्तिस्म्यानंतरही इतकी वर्षं लागली, आणि तू अम्माला एका शुक्रवारात मोकळं करायला निघालास.

तारण मिळून गमावता येतं का, हा तुझा दुसरा भाग. कॅल्विन नावाच्या धर्मसुधारकाच्या वळणाचे म्हणतात, खरं मिळालेलं कधीच जात नाही. वेस्ली नावाच्या उपदेशकाच्या वळणाचे म्हणतात, माणूस पाठ फिरवू शकतो. हा वाद काही शतकं चालू आहे, चालू दे. अम्माच्या बाबतीत तो काढायचं कारणच नाही. तिनं तुला सरळ सांगितलं की मन राखायला म्हटलं. तिच्या शब्दावर विश्वास ठेव. काही मिळालं नव्हतं, तेव्हा काही गेलंही नाही. आणि दिवा लावून तिनं तुला फसवलंय असंही नाही. दंडात सुया असताना लेकराच्या देवाचे शब्द लेकरासाठी उच्चारणाऱ्या बाईला मी ढोंगी म्हणणार नाही. त्या वेळी देवानं काय ऐकलं, ते त्याला माहीत.

आता यहेज्केल. तुझ्या पास्टरांनी तिसरा अध्याय दाखवला असेल: पहारेकऱ्यानं सावध केलं नाही आणि दुर्जन मेला, तर त्याचं रक्त पहारेकऱ्याच्या हाती. पुढची ओवी वाचलीस का? सावध केलं आणि तरी तो वळला नाही, तर पहारेकरी सुटला. जबाबदारी सांगण्याची आहे, वळवण्याची नाही. पौलानंही इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना निरोप देताना हेच म्हटलं की मी सगळ्यांच्या रक्ताविषयी निर्दोष आहे, कारण देवाचा मनोदय सांगायला मी कसूर केली नाही. कसूर सांगण्यात. आणि तू तर सांगितलंयस. दोनदा, वीसदा, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. ती तुझी जबाबदारी कधीच फिटली, बाळा. शिवाय ती आज्ञा बाबेलच्या बंदिवासात इस्राएलाच्या घराण्यासाठी नेमलेल्या एका संदेष्ट्याला होती. ती उचलून अठ्ठावीस वर्षांच्या पोराच्या उशाखाली ठेवायची, तीही आई आजारी असताना, हे मला पटलं नाही. पास्टरांचा हेतू वाईट नसेल. परिणाम वाईट झाला.

"ती नरकात जाईल का" हे तू लिहिलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. तुझा विश्वास पातळ करून तुला बरं वाटेल असं मी काही सांगणार नाही. १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जगभरचे इव्हॅन्जेलिकल जमले, त्यांच्या करारात तारणारा एकच आणि सुवार्ता एकच असं निःसंदिग्ध लिहिलंय. पण त्या कराराचा मसुदा ज्यांच्या हातून प्रामुख्यानं उतरला ते जॉन स्टॉट, ज्यांनी सुवार्ता कधी ऐकलीच नाही त्यांचं काय होतं याबद्दल 'आपल्याला ठाऊक नाही' असं म्हणणंच ख्रिस्ती माणसाला शोभतं, या मताचे होते. नरकाचा छळ अनंतकाळ चालतो का, याबद्दलही १९८८ साली त्यांनी शंका बोलून दाखवली, आणि त्यावर त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. सांगायचं एवढंच की तुझ्याहून कितीतरी जास्त वाचलेली माणसं या दारापाशी आवाज खाली आणतात. अब्राहामानं देवाला विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? मला या विषयात त्याच्यापुढं जाता आलेलं नाही.

आणि ती खुर्ची. तू तिथं काय करायलास ते तुला दिसतंय का? डायलिसिसला बसलेलं माणूस चार तास उठू शकत नाही. एक हात हलवायचा नाही, मध्येच बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, पाणी मागायचं तर तेही मोजून. अशा वेळी समोर बसून पत्रिका वाचणारा मुलगा म्हणजे जिच्यापासून उठून जाता येत नाही अशी सभा. ऐकणाऱ्याला उठून जाता आलं पाहिजे. प्रभूसमोरून तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, प्रभूनं त्याच्यावर प्रीती केली असं मार्क लिहितो, आणि त्याला जाऊ दिलं. त्याच्या मागं धावत कुणी गेलं नाही.

२०११ साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकन आणि वर्ल्ड इव्हॅन्जेलिकल अलायन्स, म्हणजे एरवी एका ताटात न जेवणारे तिघे, यांनी मिळून साक्ष कशी द्यावी यावर एक निवेदन काढलं. आजारपणाचा, गरिबीचा, अगतिकतेचा फायदा घेऊन सुवार्ता सांगू नये, असंही त्यात आहे. तुमची फेलोशिप दवाखान्यांच्या वॉर्डांतून पत्रिका वाटत असेल तर हे तिथंही वाचून दाखव. संविधानाचं २५वं कलम धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं, पण १९७७ साली स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आई-मुलामध्ये मी कायदा आणत नाही. वॉर्डातल्या बाकीच्या खाटांसाठी सांगितलं.

पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय सगळे पंधराव्या ओवीसाठी वाचतात: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा. 'विचारणाऱ्याला'. आणि त्याच ओवीत, सौम्यतेनं. पण तो अध्याय सुरू कुठून होतो? ज्यांचे नवरे वचन मानत नाहीत अशा बायकांपासून. त्यांना पेत्र म्हणतो, तुमची वागणूक पाहून ते वचनावाचून मिळवले जावेत. घरच्या माणसाला कसं सांगायचं याचं शास्त्रातलं उत्तर तिथं आहे आणि त्यात पत्रिका नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली कितीतरी वर्षं दोघं वेगळी राहिली, माहेर-सासरचं सगळं बोलणं त्या बाईनं झेललं. शेवटी आल्या त्या स्वतःच्या डोक्यानं विचार करून आल्या, नवऱ्याच्या मागून प्रार्थना म्हणून नव्हे.

सगळ्यांचं असं होत नाही. माझे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांची आई त्यांच्याकडंच राहत होती. तिनं शेवटपर्यंत कोनाड्यात खंडोबाचे टाक ठेवले. आजोबा रोज त्या कोनाड्यासमोर बसून बायबल वाचायचे, कारण घरात उजेड फक्त तिथंच यायचा. टाक त्यांनी कधी हलवले नाहीत. तिनं कधी बाप्तिस्मा घेतला नाही. म्हातारपणी आजोबा तिच्याविषयी सांगता सांगता मध्येच थांबायचे आणि चष्मा पुसायचे. तुला बरं वाटावं म्हणून या गोष्टीचा शेवट बदलता आला असता. नाही बदलत.

अग्नीचं. अम्मानं तुला खरा प्रश्न हाच विचारलाय, आणि बाकीच्या सगळ्या सुवार्तेच्या आधी याचं उत्तर तिला मिळायला हवं. तिला वाटतंय की नवा देव मिळाला तसा मुलगा गेला. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही दहा आज्ञांपैकी आहे. ती काही बाप्तिस्म्यानं रद्द झाली नाही. दुसरे राजे, पाचवा अध्याय काढ. अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा होतो, यापुढं फक्त परमेश्वराला भजेन म्हणतो, आणि मग बिचारा विचारतो: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मलाही त्याच्यासोबत वाकावं लागतं, तेवढी क्षमा होईल ना? अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. म्हणतो, सुखानं जा.

चितेला अग्नी देणं म्हणजे मूर्तिपूजा असं शास्त्रात कुठं लिहिलेलं मला सापडलेलं नाही. माझं मत सांगते: अग्नी तू दे. पिंडदान, दहावा-तेरावा यांत काय तुझ्या मनाला झेपतं आणि काय नाही, ते आत्ताच प्रामाणिकपणे ठरव आणि अक्काला व भावजींना सांग, म्हणजे त्या दिवशी स्मशानात तमाशा होणार नाही. जे करणार नाहीस ते 'करीन' म्हणू नकोस. पास्टरांना कळव, परवानगी मागू नकोस. ते म्हणतील, तडजोड केलीस. म्हणू देत. चर्चमध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला दुसरा विश्वासी कदाचित अग्नीही देणार नाही आणि त्याचा विवेक मी मोडायला जाणार नाही. पण तू मला विचारलंस. प्रसादाचं तू विचारलं नाहीस. मूर्तींपुढं ठेवलेल्या अन्नाविषयी करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा ते दहावा अध्याय वाच, आणि वाचताना अम्माच्या हातचं ताट परत सारू नकोस.

राहिलं तारण. अम्मा हसली ते मला फार आवडलं. आपण ख्रिस्ती लोक हा शब्द इतका वापरतो की सराफाच्या दारात त्याचा अर्थ काय होतो हे विसरूनच गेलोय. 'खंडणी'चंही तसंच. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी खंडणी म्हणून आपला जीव द्यायला आला असं मार्कात आहे, आणि सोलापुरात खंडणी म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो पेपरातला गुन्हा. पण अम्मानं जो अर्थ घेतला तो चुकीचा नव्हताच. गहाण पडलेली वस्तू, जिची आहे तिला स्वतःला सोडवता येत नाही, आणि दुसऱ्यानं किंमत भरून सोडवून आणणं. तुझ्या पत्रिकेत चार पानं जे सांगायला घेतात ते तिनं एका वाक्यात धरलं होतं, आणि तू ते थट्टा म्हणून सोडून दिलंस.

शिवाय किंमत भरणं म्हणजे काय, हे तुमच्या घरात तिच्याइतकं कुणाला कळतं? हजार विड्या वळल्या की हातावर किती पडायचे, हे तू लहानपणी पाहिलंयस. तंबाखूच्या वासाची बोटं. तुला शाळेत पाठवून ती पानं कापायला बसायची. त्यातून पाटल्या झाल्या, आणि त्या पाटल्या तू मागितल्या नव्हत्यास. तुझी योग्यता बघून तिनं त्या ठेवल्या नव्हत्या. तुला तारणावर बोलायचंच असेल तर तिथून सुरुवात कर, तेलुगूत, घरी, ती उठून आत जाऊ शकेल अशा जागी. एकदाच. "अम्मा, तू माझ्यासाठी जे केलंस, ते येशूनं माझ्यासाठी केलं असं मला वाटतं, म्हणून मी त्याच्या मागं गेलो. तुला सोडून नव्हे." ती काही विचारेल तर उत्तर दे. नाही विचारलं तर भांडी घास.

या शुक्रवारी पत्रिका घरी ठेव. पायाला चोळायला तेल ने, जुन्या तेलुगू पिक्चरची गाणी ने. डॉक्टरांनी शेंगाची चटणी बंद केली असणार. तिच्यासमोर डबा उघडून स्वतः खाऊ नकोस एवढंच. आणि तिला मार्कंडेयाची गोष्ट सांगायला लाव. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेलं पोरगं, यमाचा पाश पडतो आणि ते शिवलिंगाला मिठी मारतं. नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो तेव्हा तू लहानपणी तिच्या कडेवर बसून तो पाहिला असशील. आठवड्यातून दोनदा मशीनला बांधली जाणारी बाई त्या गोष्टीत काय ऐकते, हे तू तिला एकदाही विचारलं नाहीस, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. लोझानच्या करारातही लिहिलंय की संवाद करायचा तो समजून घेण्यासाठी, कान देऊन ऐकण्यासाठी. गोष्ट ऐकताना मध्येच "पण अम्मा, येशू..." म्हणू नकोस. तुझ्या जिभेला ते चार तास जड जातील.

पुढचं पत्र अक्काकडं जाऊन आल्यावर लिही. आणि एक सांगायचं राहिलं तुझ्याकडून: त्या पाटल्या शेवटी सोडवल्या का कुणी?

तुझी,
मावशी